मिनिटाला दहा

"शेवटच्या दिवशी जाग्या होतात, आणि मग सर्व्हरच्या नावानं बोटं मोडतात."

वाक्य कपाटामागून आलं. धुळ्यात देवपूरच्या त्या कॉलेजच्या ऑफिसात लोखंडी कपाटांची एक ओळ मधोमध उभी केलेली होती, आणि तिच्यामागे बसणाऱ्या क्लार्कना वाटायचं की आपलं बोलणं कपाटाच्या अलीकडे येत नाही. त्या क्लार्कना सगळे नाना म्हणत. नाना शिपायाशी बोलत होते. शिपाई हसला. आणि अलीकडे बाकांवर बसलेल्या आम्ही चौघांनी ते ऐकलं, आणि ऐकलंच नाही असं दाखवलं.

चौघं म्हणजे एका बाकावर नुकतीच बारावी झालेली एक मुलगी आणि तिची आई. समोरच्या बाकावर माझे सर आणि मी. सर म्हणजे शिक्षक नव्हेत. जळगावात त्यांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती, आम्ही सहा जण तिथे काम करायचो. या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज ज्या वेबसाइटवर भरले जायचे, ती आम्ही बनवली होती. साइट ज्या सर्व्हरवर चालायची तो मी लावला होता. एकटीनं.

त्या मुलीचा अर्ज मुदतीत पोचला नव्हता. ती साक्रीच्या पुढच्या एका गावची. बीएस्सीला प्रवेश झाला होता, पण प्रॅक्टिकल संध्याकाळी पाचला सुटायचं आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी त्याआधीच सुटायची. वसतिगृहात जागा मिळाली तर बीएस्सी, नाही तर प्रवेश रद्द करून घरी. एकच जागा उरली होती आणि ती कोणाला द्यायची हे वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम त्या दुपारी ठरवणार होत्या. नियम साधा होता: वेबसाइटची चूक असेल आणि कंपनीनं तसं मान्य केलं, तर उशिराचा अर्ज घ्यायचा. एरवी नाही.

सरांच्या फाइलमध्ये पत्र तयार होतं. 'अर्जाच्या अंतिम दिवशी सर्व्हर पूर्ण वेळ सुरू होता.'

ते खरं होतं. सर्व्हर खरोखरच एक क्षणही बंद पडला नव्हता.

आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मुलीला दिली, मग माझ्याकडे बघितलं. मी नजर लॅपटॉपच्या बॅगेवर ठेवली.

"तुना गाव कोणता शे, माय?"

"जळगाव," मी म्हटलं.

पुढे काही बोलायला हवं होतं. माझी आजी याच बोलीत बोलायची, मला सगळी समजते. पण ती माझ्या तोंडून कधी निघाली नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी आई-वडील पुस्तकी मराठी बोलणारे, आणि मी मुळात कमी बोलणारी. कोणी काही विचारलं की मनात आधी एक वाक्य इंग्रजीत तयार होतं, मग मी ते मराठीत करते, मग ते बरोबर आहे का ते तपासते, आणि तोवर समोरचा दुसऱ्याशी बोलायला लागलेला असतो. म्हणून मला सर्व्हर आवडायचे. त्यांना लिहून सांगायचं असतं.

कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यात सरांनी मला सर्व्हर कसा चालतो ते केळी वेफर्सच्या दुकानावरून समजावलं होतं. आमच्या ऑफिसच्या खाली तसं दुकान होतं. "पॅकेट भरून ठेवलेली असतात ना, ती नुसती उचलून द्यायची. त्याला काय वेळ? फोटो, नियमावली, फीचं पान, सगळ्यांना सारखं दिसतं ते सगळं पॅकेट. पण गिऱ्हाईक म्हणालं, मला माझ्या चवीचं गरम पाहिजे, मिरी घालून, तर कढईपाशी माणूस लागतो. अर्ज म्हणजे गरम वेफर्स. प्रत्येकीचं नाव वेगळं, मार्क वेगळे. तिथं माणूस लागतो."

"कढया वाढवायच्या?" मी विचारलं होतं.

"दुकान केवढं आहे बघून. जागा नसताना दहा कढया मांडल्या तर कोणालाच हलता येत नाही."

मी यायच्या आदल्या वर्षी नेमकं तेच झालं होतं. शेवटच्या दिवशी सगळ्या मुली एकदम आल्या, प्रत्येक अर्जासाठी सर्व्हरनं नवा कामगार, म्हणजे प्रोग्रॅमची नवी प्रत, उभा केला, मेमरी संपली आणि दुपारी साइट पडली ती पडलीच. कॉलेजनं मुदत वाढवली, सरांना बोलावून सुनावलं. "यंदा पडायची नाही," असं सर सांगून आले होते, आणि ती जबाबदारी माझ्याकडे आली.

मी ते काम फार मन लावून केलं. हे मला लिहायलाच हवं, कारण आळसानं झालेली चूक वेगळी असते. एक कामगार किती मेमरी खातो ते मी मोजलं, डेटाबेससाठी राखून उरलेल्या मेमरीला त्यानं भागलं, आणि तेवढेच कामगार ठेवले. जास्त आल्या तर थोडं थांबतील, पण सर्व्हर कोसळणार नाही. पॅकेटं पुढच्या दारावरूनच दिली जातील, आतल्या कामगारांपर्यंत जाणारच नाहीत, अशी सोय केली. दर वेळी डेटाबेसला नवी जोडणी करायला लागू नये म्हणून जोडण्या उघड्या ठेवल्या. मग खोट्या गर्दीचा प्रोग्रॅम लिहून त्याच्यावर सोडला. सर्व्हर टिकला.

शेवटी एक ओळ टाकली. एका पत्त्यावरून मिनिटाला दहा विनंत्या, म्हणजे दहा वेळा पान मागणं किंवा पाठवणं. जास्त आल्या तर परत पाठवायच्या. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला बाहेरून बघणाऱ्याला दिसेल असा एक पत्ता असतो. कोणी मस्तीत किंवा मुद्दाम साइटवर हजार वेळा आपटलं तर बाकीच्यांची वाट अडते, म्हणून अशी मर्यादा घालतात. अर्जाची पानं पाच, वर फोटो आणि सही. एका मुलीला एका मिनिटात दहा कशाला लागतील? मी स्वतः घरून भरून बघितलं. आमच्या घरात वायफाय आहे, बाबांचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप. अर्ज भरणं म्हणजे एक मुलगी, एक टेबल, एक जोडणी, असंच मला दिसत होतं. दुसरं काही दिसलंच नाही.

परत पाठवलेल्यांना दिसेल असं एक पान लागतं. ते मी इंग्रजीत लिहिलं. 'टू मेनी रिक्वेस्ट्स. प्लीज ट्राय अगेन लेटर.' मराठीत लिहायला बसले होते, पण जे सुचलं ते मला उद्धट वाटलं. इंग्रजीतलं सभ्य वाटलं.

अंतिम दिवशी मुदत पाचपर्यंत होती. सकाळपासून मी सर्व्हरवरच्या भाराच्या आलेखासमोर बसले होते. आदल्या वर्षीचा आलेख सरळ वर गेला होता आणि मग तुटला होता. यंदाचा सपाट. दुपारी सर दोनदा येऊन मागे उभे राहून गेले. पाच वाजून गेल्यावर त्यांनी सगळ्यांसाठी कचोरी मागवली. "पोरगी बोलत नाही, पण काम बोलतं," ते म्हणाले. त्या नोकरीत मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. मी त्या संध्याकाळी घरी पायी गेले. रिक्षात बसून आनंद संपवावासा वाटला नाही.

परत पाठवलेल्या विनंत्यांची नोंद वेगळ्या फाइलमध्ये होत होती. ती मी उघडली नाही. आलेख सपाट होता, कशाला उघडू?

दहा दिवसांनी कॉलेजचा मेल आला. एका मुलीची तक्रार आहे, सोबत फोटो. फोटो मोबाइलवर काढलेला, एका कॉम्प्युटरच्या पडद्याचा, कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पट्टा उमटलेला. पडद्यावर माझं वाक्य होतं.

मग मी फाइल उघडली. त्या दिवसाच्या ओळी वाचत खाली खाली गेले. साक्रीकडचा एकच पत्ता, सकाळी दहापासून, पुन्हा पुन्हा. प्रत्येक ओळीच्या शेवटी चारशे एकोणतीस. परत पाठवल्याचा तो क्रमांक.

तक्रारीच्या पत्रावरून हळूहळू समजत गेलं. तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं एक दुकान आहे. आजूबाजूच्या खेड्यांमधल्या मुली अर्ज तिथेच भरतात. बारावीचे, शिष्यवृत्तीचे, सगळे. दुकानदार चाचा तीन कॉम्प्युटरवर तीन मुलींना बसवतात, बाकीच्या बाकावर. तिन्ही कॉम्प्युटर एकाच जोडणीवर. शिवाय त्या दिवशी वायरचं नेट गेलं होतं आणि चाचांनी मोबाइलवरून चालवलं होतं. मोबाइल कंपन्या तर एकेका भागातले हजारो फोन मोजक्या पत्त्यांवरून बाहेर काढतात. हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. म्हणजे तिथे बसलेली प्रत्येक मुलगी, आणि त्याच टॉवरखाली घरून मोबाइलवर धडपडणारी प्रत्येक मुलगी, माझ्या सर्व्हरला एकच व्यक्ती वाटत होती. हावरट, मस्तीखोर, मिनिटाला पन्नास वेळा दार वाजवणारी. आणि धुळ्या-जळगावातली, घरात वायफाय असलेली मुलगी एकटी येत होती आणि सरळ आत जात होती.

आलेख सपाट का राहिला तेही मग कळलं.

आणखी एक गोष्ट त्या फाइलमध्ये होती. ज्यांनी पानाकडे दुर्लक्ष करून बटण दाबत राहायचं ठरवलं, त्यांचा कधी तरी नंबर लागला होता; मिनिट बदलताना जी पहिल्या दहात येईल ती आत. 'थोड्या वेळानं प्रयत्न करा' हे ज्यांनी खरं मानलं आणि उठून दुसरीला जागा दिली, त्या राहिल्या. तसे पत्ते आणखीही होते. शिरपूरकडचा एक, चोपड्याकडचे दोन. त्या ओळींना नावं नसतात. तिथून किती मुली परत गेल्या हे मला आजही माहीत नाही, आणि त्यांच्यापैकी कोणी तक्रार केली नाही. नाना म्हणाले तसंच त्यांना वाटलं असेल. आपणच उशीर केला.

सर माझ्यापासून चार हात अंतरावर बसले होते. मी त्यांना व्हॉट्सॲपवर लिहिलं. मर्यादा मी घातली होती, दुकानांचा विचार केला नाही, मुलगी खरं बोलते आहे. दोन निळ्या खुणा उमटल्या. सरांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि चहा मागवला.

उत्तर मला दोन दिवसांनी गाडीत मिळालं, धुळ्याला जाताना, पारोळ्याच्या अलीकडे.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. "मर्यादा सगळेच घालतात. मोठमोठ्या साइट घालतात."

मी रस्त्याकडे बघत होते.

"आपण खोटं कुठे बोलतोय? सर्व्हर बंद होता का? नव्हता. तेवढंच लिहिलंय." मग थोड्या वेळानं, "ही एक जागा कबूल केली ना, तर उद्या आणखी वीस जणी येतील. कॉलेज काम काढून घेईल. सहा घरं आहेत आपली."

सर वाईट माणूस नव्हते. मुलाखतीत मी तीन प्रश्नांना गप्प राहिले होते, तरी त्यांनी मला घेतलं होतं. उशीर झाला की स्वतः घरी सोडायचे, गेट उघडेपर्यंत थांबायचे. म्हणूनच मला त्यांच्याशी भांडता येईना.

"तू फक्त लॅपटॉप उघडून बस. मॅडमनी आलेख मागितला तर दाखव. बोलायचं मी."

"हो," मी म्हटलं. ते मी नेहमीच म्हणायचे.

पांझरेच्या पुलावर गाडी सिग्नलला थांबली तेव्हा त्यांनी आरशात केस नीट केले. मी ते बघितल्याचं लक्षात आल्यावर थोडं हसले.

रेक्टर मॅडमनी आम्हा चौघांना एकदमच आत बोलावलं. खोलीत कूलर घरघरत होता, त्यामुळे सगळ्यांना जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं. नाना फाइल घेऊन मॅडमच्या बाजूला उभे राहिले. मी लॅपटॉप उघडला. आलेखाच्या खिडकीच्या मागे परत पाठवलेल्यांची ती फाइल उघडी होती. ती मी बंद केली नव्हती. मुद्दाम ठेवली होती का, ते मला सांगता येणार नाही.

सरांनी पत्र दिलं. मॅडमनी वाचलं, बाजूला ठेवलं.

"सर्व्हर चालू होता म्हणतात हे," त्या मुलीला म्हणाल्या.

मुलगी उभीच होती. "मॅडम, पान उघडायचं. पुढं जायचं नाही."

"दुकानवाल्याचं नेट गेलं असेल," नाना म्हणाले. "ते लोक सांगत नाहीत. आपलं गिऱ्हाईक जाईल म्हणून."

"चाचानी फोटू काढेल शे," आई म्हणाली. "आम्ही सकायपाईन तठेच बसेल व्हतूत. हिना पहिला नंबर व्हता. मंग ते पान उनं. मंग हिनी सांगं, थांबा म्हनस तं थांबूत, दुसरीले बसू द्या."

"मग दुसरीचा कसा भरला गेला?" मॅडमनी विचारलं.

"ते माले काय ठाऊक, बाई? तिना भराई गया, हिनाच नई भरायना."

नाना हसले. फार नाही, नाकातून. "पहिला नंबर असून मागे राहिली. अक्का, शर्यत आहे का ही?"

"मनी पोर खोटं बोलस नई," आई नानांकडे न बघता म्हणाली.

मुलीनं ओढणीच्या टोकात धरलेला एक कागद काढला. बारावीच्या हॉल तिकिटाची झेरॉक्स. तिच्या मागच्या बाजूला निळ्या पेनानं वेळा लिहिल्या होत्या, एकाखाली एक. "मी प्रत्येक वेळी लिहून ठेवलं, मॅडम. भिंतीवरच्या घड्याळात बघून."

मॅडमनी चष्मा घातला आणि वाचायला लागल्या. "दहा चाळीस. अकरा वीस. बारा पाच."

माझ्या बोटांनी मागची खिडकी पुढे आणली. दहा एकोणचाळीस. अकरा एकोणीस. बारा वाजून चार मिनिटं.

"एक दहा. दोन वाजता. दोन पन्नास."

घड्याळ एका मिनिटानं पुढे होतं, बस. दुपारनंतर ते दोन मिनिटांनी पुढे होतं. बाकी प्रत्येक वेळेला एक ओळ होती आणि ओळीच्या शेवटी तोच क्रमांक. मी लावलेला सर्व्हर आणि ती मुलगी, दोघांनी एकमेकांना न बघता दिवसभर तीच गोष्ट लिहून ठेवली होती.

"तीन पंचावन्न. चार पस्तीस." मॅडमनी कागद खाली ठेवला. आवाज मऊ होता. "हे बघ, मला तुझं खरं वाटतं. पण मला वाटतं म्हणून जागा देता येत नाही गं. वेळा काय, घरी बसूनही लिहिता येतात. या जागेसाठी प्रतीक्षायादीत आणखी एक मुलगी आहे. तिला मी काय सांगू?"

मुलगी कागदाकडे बघत राहिली. ती गप्प झाली ती नेमकी कशी, ते मला कळलं. तिच्या मनात वाक्य तयार होत होतं आणि त्याला उशीर होणार होता.

"कंपनीनं लेखी दिलंय," मॅडम म्हणाल्या, आणि नानांनी फाइल बंद करायला हात पुढे केला.

सरांनी माझ्या पडद्यावरच्या ओळी बघितल्या होत्या. त्यांनी दोन बोटांनी, अगदी हळू, लॅपटॉपचं झाकण खाली आणायला सुरुवात केली. एखादं झोपलेलं मूल जागं होऊ नये म्हणून दार लोटावं, तसं. झाकण अर्ध्यावर आलं तेव्हा मी त्याच्या कडेखाली हात घातला. त्यांची बोटं थांबली. ती माझ्या हातावर होती आणि थंड होती.

आई माझ्याकडे बघत होती. मघाशी बाकावरून बघत होती तशीच.

मनात वाक्य आलं ते इंग्रजीतच आलं. मी ते मराठीत केलं. बरोबर आहे का ते तपासलं नाही.

"वेळा बरोबर आहेत, मॅडम. सर्व्हर चालू होता. तिला आत मी येऊ दिलं नाही."